मुलुंड ते बोरिवली: एक तपकिरी पाखरू, एक हिरवं

मुलुंडहून बोरिवलीला जाण्याला प्रवास म्हणतात का, असं ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला विचारलं. ती नुकतीच लडाखला जाऊन आली होती, त्यामुळे तिला तो हक्क होता. मी म्हटलं, मध्ये एक अख्खं जंगल आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडच्या अंगाला माझी नंदामावशी राहते. पाखराला हे अंतर सरळ जाता येतं. माणसाला मात्र पवईवरून वळसा घालून, खोदलेल्या रस्त्यांना शिव्या घालत जावं लागतं, आणि पोचेपर्यंत अर्धा शनिवार गेलेला असतो. तरी यंदा आई आणि मी गेलो, आणि आजवरच्या माझ्या सगळ्या भटकंतीत हा प्रवास मला सगळ्यात लांबचा वाटतो.

जायचं ठरलं ते घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. आईला काचबिंदू आहे. डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोल काढला, त्याच्या आत दुसरा लहान गोल काढला आणि समजावलं की नजर अशी कडेने आत आत येते आहे. डोळ्यांत घालायच्या थेंबांनी ही चाल मंदावेल, पण गेलेली कड परत येणार नाही. आईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. परत येताना रिक्षात मात्र, भांडुपच्या सिग्नलला, ती एकदम बोलली. इतर वेळी ती आपलं मुंबईचं मराठी बोलते. मालवणीवर आली की समजायचं, आतून बोलते आहे.

"डोळे आसत तवसर माका तां हिरवां पाखरू एकदा बघूचां आसा," ती म्हणाली. "आणि तेव्हा नंदा बाजूक व्हयी."

आता हे हिरवं पाखरू काय ते सांगायला हवं; आमच्याकडे पतंगालाही पाखरूच म्हणतात. आईचे बाबा गिरणीत कामाला होते आणि शेवटची वर्षं मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत राहिले. ते गेले तेव्हा आई कॉलेजच्या वयाची होती, नंदामावशी शाळेत. आमच्या कोकणातल्या रिवाजाप्रमाणे, ज्या जागी माणसाला ठेवलेलं असतं तिथे तांदळाचं पीठ पसरतात आणि त्यावर दिवा ठेवतात. रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. सकाळी पिठावर काय उमटलं आहे ते मोठ्यांनी वाकून बघायचं, आणि गेलेला माणूस कुठल्या रूपात गेला ते त्यावरून ठरवायचं. काही घरांत दिव्यावर टोपली झाकतात. आमच्यात दिवा उघडाच ठेवतात. तेल घालायला आई बसली होती. तिचं म्हणणं असं, की फिकट हिरवं, लांब शेपट्यांचं एक पाखरू आत आलं, दिव्याभोवती फिरलं, पिठावर टेकलं आणि भिंतीवर जाऊन बसलं. मग तिचा डोळा लागला. सकाळी पिठावर दोन लांब रेघा होत्या आणि पाखरू नव्हतं.

नंदामावशीचं म्हणणं, हिरवंबिरवं काही नव्हतंच. दाराच्या चौकटीवर बाहेरून एक तपकिरी, ताटलीएवढं पाखरू बसलेलं होतं, ते तिने पाहिलं, शेजाऱ्यांनीही पाहिलं, आणि ते संध्याकाळी डोंगराकडे उडून गेलं. बाबा ते. आक्काला, म्हणजे माझ्या आईला, सपान पडलं होतं. दोघींचा हा वाद दर पितृपक्षात नव्याने होतो. मी फोनवर दोन्ही पाखरांचे फोटो शोधून दाखवले, तपकिरी तो अ‍ॅटलस पतंग, हिरवा तो मून मॉथ, दोन्ही आपल्या जंगलात असतात म्हणून सांगितलं. आई म्हणाली, हेच. मावशी म्हणाली, असेल, पण त्या दिवशी नव्हतं. इतक्या वर्षांत एकदासुद्धा ती एक पाऊल मागे आलेली नाही, आणि ही बाई बाकी सगळ्या बाबतीत लोण्याहून मऊ आहे.

दोघींना भाऊ नाही. त्यामुळे आजोबांच्या तिथीला मावशीकडे पान वाढतात, आणि आई दरवर्षी जाते, यंदा मीही. यंदा तिथी रविवारी आली होती. मावशीचा मुलगा मंदार बँकेत आहे आणि उरलेल्या वेळात किड्यांचे फोटो काढतो. त्याला मी फोन केला. पतंग बघायला हेच दिवस चांगले, तो म्हणाला, पाऊस ओसरता ओसरता, गणपती ते दिवाळीच्या मधले. पण ऑर्डर देऊन पतंग येत नाहीत, मावशीला, म्हणजे माझ्या आईला, आधीच सांगून ठेव. मग आवाज खाली करून म्हणाला, की त्याच्या गॅलरीत मून मॉथचा एक कोष आहे, पण कधी फुटेल सांगता येत नाही, आणि कोष कसला आहे हे दोघींनाही सांगू नकोस. मी अर्थातच सांगितलं नाही. पण डॉक्टरबाईंचा तो लहान गोल माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

शनिवारी सकाळी लवकर टॅक्सी केली. आईला जिने चढवायचे नसतील तर हाच मार्ग बरा. पैसे जास्त जातात, पण दारातून दारात. पवईच्या तळ्यापाशी रस्ता मोकळा मिळाला, हे आमचं नशीब. तिथून पुढे आम्ही आरेतून गेलो. थोडं अंतर वाढतं, वाढू द्या. गाडी झाडांखाली शिरली की काचेबाहेरचा आवाज बदलतो, उन्हाचे तुकडे होतात, आणि आपण अजून मुंबईतच आहोत हे स्वतःला सांगावं लागतं. आईने काच खाली केली आणि डोळे मिटून घेतले. हिरवा वास येतो, ती म्हणाली.

आरेत एका टपरीवर चहा आणि गरम वडे घेतले. टपरीवाल्या काकू ओळखीच्या नव्हत्या, पण आईने दोन मिनिटांत त्यांचं गाव कणकवलीच्या बाजूचं असल्याचं काढून घेतलं. टपरीच्या मागच्या भिंतीवर रात्रभर एक ट्यूब जळते. तिच्याखाली जमिनीवर आईला काहीतरी चमकताना दिसलं. कड गेलेल्या नजरेने तिने ते कसं पाहिलं देव जाणे. ती म्हणते मी सरळ खालीच बघत होते. तो एक पंख होता. नुसता पंख, पाखरू एखाद्या पक्ष्याने खाल्लेलं असणार. विटकरी-तपकिरी, त्यावर पांढऱ्या-गुलाबी रेघा, आणि मधोमध एक तिकोनी जागा, जिथे रंगच नाही. तिथे पंख अभ्रकासारखा आरपार होता. मी म्हटलं, आई, हा मावशीचा पतंग, अ‍ॅटलस.

आईने तो पंख उजेडाकडे धरला आणि त्या तिकोनी खिडकीतून झाडांकडे बघत बराच वेळ उभी राहिली. चहा निवून गेला. काय दिसतंय विचारलं, तर म्हणाली, सगळं आहे तसंच, फक्त लांबचं वाटतं. मग पंख चष्म्याच्या डबीत ठेवून तिने डबी पर्समध्ये टाकली आणि पुढच्या सबंध रस्त्यात चष्मा हातात धरून बसली.

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला जवळजवळ पाठ लावून मावशीची इमारत आहे. तिच्या गॅलरीतून झाडं दिसतात, आणि कधीकधी माकडं येऊन कुंड्या उलट्या करून जातात. मावशी दारातच उभी होती. दोघी बहिणी भेटल्या की आधी एकमेकींच्या तब्येतीला नावं ठेवतात, मग आत जातात. दुपारी तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि तांबड्या भोपळ्याची भाजी असं जेवण झालं, आणि त्यानंतर मी जी झोपले ती थेट चहालाच उठले.

चहाच्या वेळी वादाचा नाही, पण वादाच्या बाजूचा एक प्रकार झाला. गॅलरीच्या कोपऱ्यात मंदारने जुन्या मच्छरदाणीचा एक पिंजरा टांगला होता. आत मोईच्या झाडाच्या फांदीला वाळक्या पानांत गुंडाळलेला एक कोष लटकत होता, आवळ्यापेक्षा थोडा मोठा. मावशी दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि जाता जाता त्या जाळीची झिप उघडून आली. मंदारने बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा उघडी. हे रोज चालतं, मंदार मला म्हणाला, आईला सांगितलंय की आत फक्त कोष आहे, मुंग्या आणि पाली लागू नयेत म्हणून जाळी आहे, पण ती ऐकतच नाही. मावशीला विचारलं तर तिने टॉवेलची घडी घालत एवढंच म्हटलं, "कोंडू नये कोणाला." मी हसण्यावारी नेलं.

रविवारी सकाळी आम्ही उद्यानात गेलो. तुमच्यासाठी थोडं उपयोगाचं: उद्यान सोमवारी बंद असतं, तिकीट शंभराच्या आसपास पडतं, कान्हेरीच्या गुंफांचं वेगळं. आत बस आहेत, भाड्याच्या सायकलीही मिळतात. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडांचा अनुभव आपल्यापेक्षा दांडगा आहे. आणि पतंग बघायचे असतील तर सकाळी जितक्या लवकर जमेल तितकं गेट गाठा. रात्री दिव्याला आलेले पतंग उजाडल्यावर तिथेच भिंतीला चिकटून झोपतात. ऊन तापलं, पक्षी फिरायला लागले की संपलं. मावशी आली नाही. तिला पानाचा स्वयंपाक होता, हे कारण खरं होतं, पण तिने ते जरा घाईने दिलं.

रात्री कधीतरी सर येऊन गेली होती. रस्ता ओला, दोन्ही बाजूंना पानांवरून ठिबकणारं पाणी, आणि दहिसर नदीचा आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. मंदार पुढे, आई माझा हात धरून मध्ये. तो प्रत्येक दिव्याखालची प्रत्येक भिंत बघत चालला होता. लोक जॉगिंग करत होते, एक आजोबा मोबाईलवर भजन लावून चालत होते, आणि आम्ही तिघं एका स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आमच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, ते बरोबरच होतं.

तिथे तो होता. अख्खा, जिवंत, पिवळ्या डिस्टेंपरवर पसरलेला. फोटोत आकार कळत नाही. माझ्या दोन्ही हातांचे पंजे शेजारी शेजारी ठेवले तर जेमतेम झाकला गेला असता. वरच्या पंखांची टोकं पुढे येऊन वाकलेली, आणि त्या टोकांवर सापाचं डोकं, डोळा, तोंडाची चीर, सगळं रंगवलेलं. कोणी जवळ आलं की पतंग पंख हळूहळू हलवतो, आणि भिंतीवर दोन साप मान डोलवतात. चार पंखांवर चार तिकोनी खिडक्या, आणि त्यांतून मागचा पिवळा रंग दिसत होता. आईने चष्म्याची डबी काढली आणि कालचा पंख शेजारी धरून ताडून पाहिला. तिला तो आवडला, हे मला कळलं. पण ती म्हणाली, "हा नंदाचा. हा होताच, मी कधी नाही म्हटलं? पण हा आत आला नव्हता."

मग मंदारने दोघांतला फरक सांगितला, तो तुम्हालाही सांगते. अ‍ॅटलस मातीच्या, विटांच्या, वाळक्या पानांच्या रंगाचा. मून मॉथ कोवळ्या पिस्त्याच्या, वरच्या पंखांच्या पुढच्या कडेला वाइनच्या रंगाची किनार. अ‍ॅटलसला खिडक्या, मून मॉथला प्रत्येक पंखावर एकेक चंद्रासारखा डोळा. अ‍ॅटलसचं अंग जाड, तांबूस. मून मॉथचं पांढऱ्या लोकरीचं. अ‍ॅटलस शत्रूला सापाची भीती घालतो. मून मॉथ भीती घालत नाही, तो आपल्या दोन शेपट्या पुढे करतो. उडताना त्या गरगरतात, वटवाघूळ फसतं, शेपटीचा तुकडा तोडून नेतं आणि पाखरू वाचतं. म्हणून जंगलात सापडणाऱ्या कितीतरी मून मॉथना शेपट्या धड नसतात. एक भिववून जगतो, एक स्वतःचा तुकडा देऊन, असं माझ्या मनात आलं.

"आणि एक सारखं आहे," मंदार आईला म्हणाला. "दोघांना तोंड नसतं, मावशी. म्हणजे असतं नावापुरतं, पण खाता येत नाही. अळी असताना काय खायचं ते खाऊन घेतात. पंख फुटल्यावर आठवडाभर जगतात, तेही त्याच शिदोरीवर."

आईने त्या पतंगाकडे पुन्हा एकदा, आता तोंडाच्या जागी, वाकून पाहिलं. नंतर कान्हेरीला जाणारी बस पकडली. गुंफांपर्यंत गेलो, मोठ्या चैत्यगृहाच्या सावलीत बसलो. आत पाण्याच्या टाक्यांचा थंडावा, बाहेर डोंगरावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. समोरच्या उतारापलीकडे कुठेतरी मुलुंड होतं, आमचं स्वयंपाकघर, आणि जिथे ती चाळ होती तिथे उभा राहिलेला टॉवर. आईने विचारलं, पाखरू इथून तिथे जाऊ शकतं ना? मंदार म्हणाला, आरामात. तिने मान डोलावली. हिरवं पाखरू त्या सकाळी आम्हाला कुठेच दिसलं नाही, आणि बसमधून उतरताना आईची पायरी चुकली, मी तिला धरलं म्हणून बरं. ती हसून म्हणाली, जाऊ दे गं, फोटोत पाहिलंय ना. ते हसू मला सहन झालं नाही.

दुपारी घरी पोचलो तेव्हा मावशीचं पान तयार होतं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भाज्या, तांदळाची खीर. ती पान घेऊन गच्चीवर जायला निघाली होती, आणि मंदार हातपाय धुवायच्या आधी सवयीने गॅलरीत डोकावला. त्याने मला हाक मारली, नेहमीच्या आवाजात, पण मला लगेच कळलं.

कोष फुटला होता. जाळीची झिप अर्थातच उघडी होती. पाखरू पळून गेलं नव्हतं, जिथून बाहेर आलं त्याच फांदीला लटकून पंख वाळवत होतं. फिकट हिरवा रंग, इतका फिकट की हिरवा म्हणावा की उजेडच म्हणावा ते ठरेना. शेपट्या अजून किंचित चुरगळलेल्या, आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू सरळ होत होत्या. मिशा पिसासारख्या रुंद होत्या, म्हणजे नर, मंदार म्हणाला. मी आईला हाताला धरून आणलं.

तिला ते एका नजरेत मावत नव्हतं. तिने चेहरा अगदी जवळ नेला आणि तुकड्या-तुकड्याने बघायला लागली. आधी एक पंख, त्यावरचा चंद्र. मग मान वळवून दुसरा. मग कडेची ती वाइनच्या रंगाची किनार, टोकापर्यंत. मग पांढरं, लोकरीचं अंग. शेवटी दोन्ही शेपट्या, एक वरून खाली, एक खालून वर. किती वेळ गेला कोण जाणे. गॅलरीबाहेर जंगल शांत होतं, आणि खालच्या मजल्यावरून कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली.

"हेच," ती म्हणाली. "नंदा, बघ. हेच होतं."

मावशी पान हातात घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर उभी होती. मला वाटलं, आता ती नेहमीचं वाक्य म्हणेल. तिने पान वॉशिंग मशीनवर ठेवलं.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "मी बघलंय तां. तू निजलंस तेव्हा मीच त्याका रोवळीखाली ठेवलंय. माका वाटला, बाबा उपाशी आसत. दूधभात ठेवलंय वाटीत. सकाळी रोवळी उचललंय, तर भात तसोच होतो आणि पाखरू मरान पडलेलां."

रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली. शाळकरी मुलीने मागच्या खोलीत, चुलीपाशी, आपल्या बापाला जेवायला वाढलं होतं आणि तो उडून जाऊ नये म्हणून वर रोवळी झाकली होती. सकाळी तिने ते पाखरू ओंजळीत घेऊन घराच्या मागे पुरलं, आणि परत येताना तिला चौकटीवर ते दुसरं, तपकिरी, जिवंत पाखरू दिसलं. मावशी सांगत होती की तिने त्याच क्षणी ठरवलं, बाबा हे. कारण बाबा म्हणजे ते हिरवं पाखरू असेल, तर बाबांनी तिच्या हातचं खाल्लं नाही, आणि तिनेच त्यांना कोंडून मारलं. इतकी वर्षं ती आईला खोटी पाडत राहिली ती एवढ्यासाठी. ती रडत नव्हती. तिचे हात मात्र साडीला पुसले जात होते, पुन्हा पुन्हा, कोरडे असूनही.

मंदारने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आईने त्याला थांबवलं. ती मावशीजवळ गेली आणि तिचे ते हात धरले.

"नंदे, त्याका तोंडच नसता," ती म्हणाली. "मंदार सांगता. खाऊन झालेला आसता त्याचा, आधीच. तू काय पण वाढला असतस तरी तां खाणार नव्हता. आणि जगणारही नव्हता लय दिवस."

मावशीने मंदारकडे पाहिलं. त्याने मान हलवली, खरं आहे.

"आणि बाबा काय म्हणायचे रात्रपाळीवरून इले की?" आईने विचारलं.

"मी खाऊन इलंय," मावशी म्हणाली. "तुमी जेवा." आणि मग ती रडली, खूप, आईच्या खांद्यावर, एवढी मोठी बाई.

पान गच्चीवर ठेवायला आम्ही उशिराच गेलो. कावळा वाट बघत बसलेला होता, त्याला या घरगुती भानगडींशी देणंघेणं नव्हतं. आम्ही जेवलो. मावशीने मला तीनदा खीर वाढली. सांज झाली तशी पाखराने पंख थरथरवायला सुरुवात केली, आधी अगदी बारीक, थंडी वाजल्यासारखी. मावशीने स्वतः ती फांदी जाळीतून काढून गॅलरीच्या कठड्यावर धरली. ते उठलं, एक गिरकी घेतली, शेपट्या मागे तरंगल्या, आणि जंगलाच्या काळोख्या हिरव्यात ते कुठे मिसळलं ते आम्हा तिघांना कळलं नाही. आईला तर नाहीच. पण ती मावशीच्या हाताला धरून त्याच दिशेला बघत उभी होती, आणि मावशी तिला सांगत होती, आता त्या झाडावरून गेलं, आता कुंपणापलीकडे, आता डोंगराकडे वळलं आक्का, मुलुंडच्या बाजूला. यातलं किती खरं होतं ते मी विचारलं नाही.

परत येताना मेट्रोने आलो. उद्यानापासच्या स्टेशनवरून गुंदवली, तिथून पुलावरून चालत दुसरी मेट्रो, ती थेट घाटकोपर. लिफ्ट सगळीकडे आहेत, पण शोधाव्या लागतात. वयस्कर माणूस बरोबर असेल तर थोडा वेळ हाताशी ठेवा. घाटकोपरहून मुलुंडला रिक्षा. अंधेरीच्या आसपास मेट्रो इमारतींच्या खिडक्यांच्या उंचीने जाते, घराघरांतले दिवे अगदी जवळून सरकतात. आई काचेला नाक लावून बसली होती. मी विचारलं, दिसतंय का नीट. म्हणाली, मधलं दिसतंय ना, पुरे.

मावशीचा आता रोज संध्याकाळी फोन येतो. दोघी कशावर तरी भांडतातच, त्यांना एका विषयाची कमतरता पडली आहे एवढंच. अ‍ॅटलसचा पंख आईच्या चष्म्याच्या डबीत आहे आणि चष्मा बाहेर इकडे तिकडे लोळतो. दोन पतंगांतला कुठला मोठा, कुठला सुंदर, असं मला ऑफिसातल्या त्या मैत्रिणीने विचारलं. मी म्हटलं, मोठा तपकिरी. सुंदर कुठला ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आजोबा कुठला, हे आता आमच्या घरात कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते आणि थांबते. त्याच आठवड्यात मला ऑफिसातून यायला उशीर झाला. आई जागी होती. स्वयंपाकघरातून तिने विचारलं, जेवलीस? मी चपला काढता काढता नेहमीचं उत्तर दिलं, खाऊन आलेय. खरं म्हणजे वेफर्स खाल्ले होते. ती बाहेर आली, आणि त्या पाखराला बघितलं होतं तसा चेहरा माझ्या अगदी जवळ आणून मला तुकड्या-तुकड्याने बघितलं.

"बाबा खाऊन येत नसत," ती म्हणाली. "माका तेव्हाच म्हायत होतां. मी नंदाक सांगलंय नाय."

मग तिने ताट मांडलं, पाणी ठेवलं आणि पाट माझ्याकडे सरकवला.

"तुका तोंड आसा मा? मग बस."